मशीन माझ्या हातात होते

मी, रत्नप्रभा नरहर उमरेडकर, वय वर्षे चौपन्न, राहणार जहांगीराबाद, भोपाळ, मूळची नागपूरची, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तापलेले आहे, ते वेगळे. छातीचे दुखणे पुन्हा उलटू शकते असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. राग ओसरायची वाट पाहिली तर मृत्युपत्रच राहून जाईल, म्हणून रागातच लिहिते.

वकिलांच्या कारकुनाने मला एक नमुना करून दिला होता. त्यात माझ्या नावापुढे "धंदा : घरकाम" असे होते. मी ते खोडले आणि "मोटारींच्या रंगावरचे ओरखडे मशीनने काढणे" असे लिहिले. कारकून म्हणाला, "बाई, कोर्टात हसतील." मी म्हटले, "हसू द्या. हसणाऱ्यांच्या गाड्या कोणाच्या अंगणात येतात ते मला ठाऊक आहे." त्याचा नमुना त्यालाच परत दिला आणि स्वतःच्या अक्षरात लिहायला बसले. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंत झाले आहे, तेवढे या कामाला पुरते.

कलम १. घर भाड्याचे आहे. त्यावरून कोणी भांडू नये. पोस्टातली शिल्लक माझा मुलगा विश्वास याला द्यावी. तो सचिवालयात कारकून आहे, स्वभावाने गरीब आहे आणि जो शेवटी बोलेल त्याचे त्याला पटते. ती शिल्लक त्याने काकांना विचारून खर्च करू नये.

कलम २. पॉलिशचे विजेचे मशीन, त्याच्या फिरत्या तबकडीवर चढवायच्या लोकरीच्या सात टोप्या, तारेचे वेटोळे, सामानाच्या दोन लाकडी पेट्या आणि मागच्या अंगणात मी उभारलेली पत्र्याची शेड, हे सर्व माझी सून सौ. सिंधू विश्वास उमरेडकर हिचे. एकटीचे. विश्वासचे नव्हे, आणि माझे धाकटे दीर शांताराम यांचे तर मुळीच नव्हे.

हे इतके ठासून का लिहावे लागते ते सांगते. माझे यजमान, कै. नरहर, सरकारी मोटार गॅरेजात रंगारी होते. ते जाऊन दीड वर्ष झाले. शांताराम भावजींचे हमीदिया रोडवर मोटारीच्या सुट्या भागांचे दुकान आहे. यंदा दिवाळीच्या पाडव्याला ते फराळाला आले, चकल्यांचा डबा अर्धा केला आणि बोटे पुसत म्हणाले, "वहिनी, दादांचं मशीन आता दुकानात नेतो. दादांच्या नावाचा बोर्ड लावू. बाईमाणसाला कशाला ते लचांड?"

ते हे बोलत होते तेव्हा मागे शेडमध्ये सिंधू एका डॉक्टरांच्या गाडीवर मशीन चालवीत होती. आवाज इतका होता की भावजींना ओरडून बोलावे लागत होते. तो आवाज कोण करीत आहे असे त्यांना वाटले, देव जाणे.

मी म्हटले, "भावजी, मशीन माझं आहे. नागपुरापासून मीच चालवत आले."

तर ते हसले. म्हणाले, "अहो, तुम्ही चालवत होतात तर मग सरकारी गाडीचा रंग दादांनी कसा जाळला? ऑफिसच्या कागदावर दादांचं नाव आहे. सांगा ना!"

विश्वास छताकडे बघत म्हणाला, "काकांचं कहना भी गलत नाही, आई."

मला उत्तर देता आले नाही. उत्तर नव्हते म्हणून नव्हे. ते चार वर्षे गिळून ठेवले होते म्हणून. ते कलम ६ मध्ये लिहिले आहे.

कलम ३. मशीन माझे कसे, ते आधी. १९४७ साली, इंग्रज जाताना, कामठीच्या छावणीतले फौजेचे सामान लिलावात निघाले. त्यात हे मशीन होते. यजमान दोन दिवस त्याच्याभोवती घुटमळून परत आले. तिसऱ्या दिवशी मी माहेरच्या पाटल्या मोडल्या. सोनाराची चिठ्ठी माझ्या नावाची आहे आणि पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे. लिलावाची पावती मात्र "एन. जी. उमरेडकर" अशी झाली, कारण लिलाव करणाऱ्याने बाईचे नाव लिहायला नकार दिला. शांताराम भावजी ती पावती दाखवतील. त्यांना झाकण दाखवावे.

यजमानांचा हात रंगाच्या पिचकारीवर असा होता की पत्र्यावर रंग पडताना पाहत राहावे. पण दोन वर्षांनी गॅरेजात जॅक सटकला आणि त्यांचा उजवा खांदा गेला. पिचकारी हलकी असते, ती चालली. मशीन भरलेल्या कळशीएवढे जड, ते पेलेना. मग घरच्या अंगणातल्या कामात रंग त्यांचा आणि शेवटचा हात माझा, असे ठरले. ठरले म्हणजे आमच्या दोघांत. बाहेर कोणाला सांगितले नाही.

गाडीचे मालक आले की मी आत जायची. बाहेर ते गाडीच्या अंगात आपला चेहरा पाहून म्हणायचे, "नरहरराव, हात असावा तर असा!" आणि मी नखांतले मेण तसेच घेऊन चहाचा ट्रे बाहेर आणायची. यजमान खाली बघायचे. एकदाही म्हणाले नाहीत की हात हिचा आहे. सात वर्षांत एकदाही नाही. मी चहा गाळताना किती वेळा कप आपटले त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

कलम ४. भांडी, देव आणि नऊवारी लुगडी सिंधूने ठेवावीत किंवा वाटावीत, मला फरक पडत नाही. मोठे पितळी पातेले शेजारच्या मनोरमाबाईंना द्यावे. ते गेली तीन वर्षे त्यांच्याकडेच आहे, आता ते कायद्याने त्यांचे झाले. कोरड्या फडक्याने धुळीची गाडी पुसणाऱ्या समस्त ड्रायव्हर लोकांना माझ्याकडून काही नाही. ऊन तिरपे पडले की गाडीच्या अंगावर गोल गोल बारीक ओरखड्यांचे जे जाळे दिसते, ते यांनी विणलेले असते. त्यांना शंभरदा सांगितले की आधी पाणी, मग फडके. उत्तर ठरलेले : "अरे बाई, कपडा तो साफ है." कपडा साफ असेल हो, गाडी नाही ना!

कलम ५. सिंधूसाठी. हे तिला येते, तरी लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की सासूने काही शिकवले नाही.

मशीन ओरखडा भरीत नाही. ओरखड्याच्या आजूबाजूचा रंग त्याच्या तळापर्यंत खाली आणते. म्हणजे प्रत्येक चमक रंगातूनच वजा होते. ज्याला हे कळले नाही त्याने टोपी चढवू नये. तेल चोळून ओरखडे लपवणारे या शहरात पुष्कळ आहेत, दोन धुण्यांत त्यांचे काम उघडे पडते. तू तसले काम करू नकोस, गिऱ्हाईक परत गेले तरी चालेल. उन्हात तापलेल्या पत्र्यावर मशीन लावू नको. एका जागी थांबू नको. मधून मधून हाताची मागची बाजू पत्र्याला लावून बघ, चटका बसला तर मशीन बंद. टोपी जमिनीवर पडली तर तीच परत चढवू नको, एक खडा सगळ्या दिवसाची माती करतो. आणि कडा, म्हणजे जिथे पत्रा वळतो ती धार, तिथे रंग मुळातच पातळ बसतो. कडेवर कागदी पट्टी लाव. पट्टीखाली ओरखडा राहिला तर राहू दे. कोणी काही म्हणो, राहू दे.

कलम ६. आता कडेविषयी.

१९५६ च्या नोव्हेंबरात नवे राज्य झाले आणि राजधानी भोपाळ ठरली. आमचे नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मात्र फायली, कपाटे, साहेब लोक आणि त्यांच्या मोटारी यांच्याबरोबर इकडे आलो. आम्हाला कोणी विचारले नव्हते. गाड्या रस्त्याने आल्या, वाटभर धूळ खात आणि कोरडी फडकी खात. एक तारखेला समारंभ होता. गॅरेजात पॉलिशचे मशीन नव्हते, म्हणून वरिष्ठांना तोंडी विचारून यजमानांनी एक काळी गाडी आदल्या दिवशी आमच्या अंगणात आणली. ती गाडी मला नवी नव्हती. नागपुरास ती तीन वेळा माझ्या हाताखालून गेली होती.

काळ्या रंगावर काही लपत नाही. सकाळपासून दुपारपर्यंत मी तिचे सगळे जाळे काढले. बॉनेटच्या मधोमध जी धार असते तिच्यावर पट्टी लावली होती. पट्टीच्या एका बाजूने एक ओरखडा आत शिरत होता आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येत होता. यजमान म्हणाले, "तो राहू दे. तिथे रंग नाही." आणि नळावर बादली भरायला गेले.

मी पट्टी काढली. का काढली, ते खरे सांगते. उद्या सगळे भोपाळ ती गाडी बघणार होते आणि पुन्हा "नरहररावांचा हात" म्हणणार होते. मला वाटले, निदान त्यात एक रेघही नसावी. ज्या कामावर माझे नाव लागणार नव्हते त्याचा मला इतका गर्व होता.

बादली भरण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही. आधी वास आला. मग काळ्यातून खालचे लाल अस्तर दिसले, चिंचोक्याएवढे. आधीच्या तीन खेपांत मीच तिथला रंग वजा करीत आणला होता आणि उरलेला त्या दिवशी जाळला.

यजमान आले. बादली ठेवली. हाताची मागची बाजू बॉनेटला लावली आणि ओढून घेतली. मला वाटले, आता ओरडतील. ते म्हणाले, "तू आत जा. हात धू."

एवढेच. ब्रशने काळा रंग लावून त्यांनी डाग झाकला, पण उन्हात तो दिसलाच. सबंध बॉनेट नव्याने रंगवायला वेळ नव्हता. समारंभाला दुसरी गाडी गेली. चौकशीत त्यांनी सांगितले, "मशीन माझ्या हातात होतं." त्यांच्या नोकरीच्या पुस्तकात शेरा पडला आणि त्यांना टायरच्या गोदामावर नेमले. ज्या माणसाच्या पिचकारीकडे लोक बघत राहायचे, तो अडीच वर्षे टायर मोजत राहिला आणि तसाच गेला. रंगाची पिचकारी त्यांना पुन्हा हातात मिळाली नाही. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा सदऱ्याला रबराचा वास असायचा. मी तो सदरा धुवायची आणि बोलायची नाही. ते जेवायचे आणि बोलायचे नाहीत.

मी स्वतःची समजूत घालीत असे की खरे बोलले तर सरकारी गाडी बायकोच्या हाती दिली म्हणून त्यांची नोकरीच जाईल. गेली असती का? माहीत नाही. विचारायला मी गेले कुठे?

आणि त्यांचाही मला राग आहे. आजही आहे. सात वर्षे माझे काम स्वतःच्या नावावर घेताना त्यांनी मला विचारले नाही. माझी चूक स्वतःच्या नावावर घेतानाही विचारले नाही. पहिल्याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात पुष्कळ बोलले. दुसऱ्याबद्दल तोंडाने दोन शब्द बोलायचे होते, ते शेवटच्या दुखण्यात उशाशी बसूनसुद्धा बोलले नाही. ताप उतरला की बोलू, म्हटले. ताप उतरलाच नाही.

शांताराम भावजींना उत्तर मिळाले असेल. दादांनी तो रंग जाळला नाही. ज्या कागदाच्या जोरावर ते मशीन मागतात तो कागद खोटा आहे.

कलम ७. माझ्या मागे कलम ६ ची नक्कल गॅरेजच्या मुख्य साहेबांना द्यावी. सिंधूने स्वतः न्यावी. विश्वासने बरोबर जावे आणि गप्प उभे राहावे. मी जिवंतपणी का गेले नाही असे ते विचारतील. लाज वाटली, असे सांगावे. बाकी सगळे मला रागाच्या भरात लिहिता आले, हे नाही आले.

साहेब भला असेल तर म्हणेल की माणूस गेला, आता शेरा खोडून टाकू. खोडू देऊ नये. "निष्काळजीपणे मशीन चालवून सरकारी गाडीचा रंग जाळला," यातला एक शब्दही चुकीचा नाही. तो तसाच ठेवावा, आणि त्यांचे नाव काढून तिथे माझे घालावे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि साक्षीदारांनाही वाचून दाखवला. खाडाखोड एका ठिकाणी आहे, तिथे आद्याक्षरे केली आहेत. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर कोणी माझे म्हणून दाखवले तर ते अक्षर ताडून पाहावे.

सही : रत्नप्रभा नरहर उमरेडकर

साक्षीदार, ज्यांच्या समक्ष वरील सही झाली :
१. नीळकंठ बापूजी देशकर, शिक्षक, राहणार जहांगीराबाद
२. सौ. मनोरमा अच्युत पारखी, राहणार जहांगीराबाद (पातेले मिळाले, तक्रार नाही)

स्थळ : भोपाळ
दिनांक : ११ डिसेंबर १९६०, रविवार