एका माणसापुरती केबिन

१९ ऑक्टोबर १९९६

प्रिय ज्योर्जेट,

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे पोचले. मोजे घालूनच लिहायला बसले आहे. इकडे सगळं ठीक. बटाट्याची सुगी आटोपली, सुगीची सुट्टी संपून गावातली पोरं शाळेत गेली, नदीपलीकडच्या कॅनडाच्या टेकड्या उघड्याबोडक्या झाल्या. तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे ऱ्होड आयलंडला थंडी उशिरा येते, सुखी आहेस.

पत्राच्या शेवटी तू जे लिहिलंस त्याचा मला राग आलेला नाही. बहीण नाही सांगणार तर कोण सांगणार! लोक बोलतात हे खरंच आहे. परवा पोस्टात आन-मारी सगळ्यांच्या देखत म्हणाली, "काय गं कोरिन, तुझ्या अंगणात आदेलारचं मशीन थंड व्हायला दोन दोन तास लागतात म्हणे? आमच्या ह्यांचं तर लगेच थंड होतं!" सगळ्या खिदळल्या. मीही हसले. माझा रेजिस वारल्यापासून समोरच्या घरातला हा माणूस दर हिवाळ्यात पहाटे उठून मशीनने माझ्या दारातला बर्फ काढतो. त्याला एक कप कॉफी आणि गरम घावनं न देता परत पाठवू? बरं, तो विधुर आहे हा काय त्याचा गुन्हा?

असो. त्यावर मी उपाय काढला आहे. रेजिसचा बागेतला छोटा ट्रॅक्टर आठवतो तुला? शेडमध्ये बटाट्याच्या रिकाम्या पिंपांमागे पडून होता. तो दुरुस्त करायचा, पुढे बर्फ उडवायचं यंत्र जोडायचं, वर केबिन बसवायची आणि माझं अंगण मीच साफ करायचं. मग कुणाला बोलायला जागाच नको.

आदेलारना मी हे कारण सांगितलं नाही. म्हटलं, "तुमच्या छातीला गार वारा सोसत नाही, डॉक्टर तुम्हाला ओरडतात." तेही खोटं नाही.

गंमत अशी की दुरुस्तीला तेच येतात. रोज संध्याकाळी. इंजिन गच्च अडकलं होतं. त्यात तेल सोडून ठेवलं आणि रोज थोडं थोडं हलवत राहिलो, तेव्हा कुठे एकदाचं सुटलं. कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला. मी तो घासायला घेतला तर म्हणाले, "हळू, कोरिनबाई! कार्ब्युरेटर आहे तो, करपलेला तवा नव्हे." केबिनचा सांगाडा पोरांच्या जुन्या पलंगाच्या लोखंडी पट्ट्यांचा. पुढची काच रेजिसच्या मासेमारीच्या खोपटाची. बाजूंना बटाट्याच्या ट्रकची ताडपत्री, ती मी शिवली. मठाच्या शाळेतल्या सिस्टर जेर्माननी माझे टाके पाहिले असते तर पहिल्यांदाच शाबासकी दिली असती. धुराचा पाइप मात्र छताच्या वर काढायचाच, यावर आदेलार हटून बसले. म्हणाले, "नाहीतर आत बसल्या बसल्या झोप लागेल आणि थेट रेजिसला भेटायला जाल. तो म्हणेल, एवढी घाई कसली होती?"

छताची उंची ठरवायला मला सीटवर बसवून माप घेतलं. टेप माझ्या टोपीपर्यंत धरायची आणि हात खांद्याला लागू द्यायचा नाही, केवढी कसरत! दोनदा टेप सुटली. शेवटी पेन्सिल तोंडात धरून म्हणाले, "एका माणसापुरतीच जागा होणार हं." मी म्हटलं, "मग किती हवी?"

गाजरं रवाना करते आहे. औषधं वेळेवर घे.

तुझी,
कोरिन

•

१५ डिसेंबर १९९६

प्रिय ज्योर्जेट,

नाताळचं पार्सल वेगळं पाठवलं आहे, मांसाचं सारण भरलेला पाइ नीट गुंडाळला आहे, पोचेपर्यंत टिकावा. इथे दोन फूट बर्फ आहे. ट्रॅक्टर उत्तम चालतो. पहिल्या हाकेला उठतो, इंजिनाची ऊब पायांशी येते, काच पुसायला भंगारातल्या गाडीचा वायपर लावलाय, तो हाताने फिरवायचा. तू म्हणतेस तसं झालं: आता मी कुणावर अवलंबून नाही.

तुला पुढचं सांगावं की नाही, असा विचार करत होते.

मोठा बर्फ आठ तारखेला पडला. मारियामातेचा सण, चर्चमध्ये सकाळची मिसा, म्हणून मी लवकरच उठले होते. केबिनमध्ये बसले, अंगण साफ केलं. इतकं छान वाटत होतं, ज्योर्जेट, लहानपणी घसरगाडीवर वाटायचं तसं. मग मनात आलं, एवढे हिवाळे या माणसाने माझं दार उघडं ठेवलं, आज आपण त्यांचं ठेवू. तशीच रस्ता ओलांडून गेले आणि त्यांचं अंगण अगदी पायरीपर्यंत लख्ख केलं. मशीन वळवताना वर पाहिलं तर ते खिडकीत उभे. बनियन, पँटचे गॅलिस लोंबत असलेले. मी हात हलवला. त्यांनी नाही हलवला. मला वाटलं, काचेवर वाफ असेल.

दुपारी माझी घावनांची ताटली परत द्यायला आले. धुतलेली, रिकामी. आपल्याकडे रिकामी ताटली कोण परत करतं? दारातच उभे राहिले. मी म्हटलं, "आत या ना, कॉफी टाकते."

"नको. बूट ओले आहेत."

त्यांचे बूट कधी ओले नव्हते?

मग म्हणाले, "मशीन झकास चालतंय. बाजूंच्या कडाही सरळ काढल्यात. आता तुम्हाला कुणाची गरज नाही, कोरिनबाई."

आणि मी काय म्हणाले असेन? "थँक्यू," म्हणाले. जणू ताटलीबद्दल.

तुला इतकी वर्षं बाहेर राहून आठवत नसेल, पण इथे म्हाताऱ्या माणसाच्या अंगणातला बर्फ दुसऱ्याने काढला की त्याचा अर्थ एकच: तुमचं आता होत नाही, बसा घरात. आयुष्यभर दुसऱ्यांची अंगणं काढलेल्या माणसाला मी ते सगळ्या गावादेखत सांगून आले. तेही त्यांनीच बनवलेल्या केबिनमध्ये बसून. आज मिसा सुटल्यावर पोस्टातली आन-मारीच म्हणाली, "अगं, निदान त्यांना आधी विचारायचंस तरी!" ही मला शिकवणार!

गेल्या आठवड्यात त्यांनी आपलं मशीन पुतण्याला देऊन टाकलं. आता पुतण्या जमेल तेव्हा त्यांचं अंगण काढतो. कनेक्टिकटहून त्यांना मुलीचे फोन येतात, तिकडे या म्हणून. आधीही यायचे. आधी ते तिला हसून टोलवायचे.

सकाळी सवयीने घावनांचं पीठ दोघांचं भिजतं. उरलेलं पक्ष्यांना घालते. पक्षी मजेत आहेत.

नाताळच्या शुभेच्छा. माझ्यासाठी एक मेणबत्ती लाव, कशासाठी ते विचारू नकोस.

तुझी,
कोरिन

•

६ फेब्रुवारी १९९७, गुरुवार

आदेलार,

समोरासमोर राहून आपण एकमेकांना कधी पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळे सुरुवात कशी करायची ते कळत नाही. तब्येत बरी असेल. तुमचा दिवा सकाळी लागलेला पाहिला.

तुमच्या पुतण्याकडून कळलं की शनिवारी मुलगी न्यायला येते आहे. चांगली मुलगी आहे. तिचं घर उबदार असणार, दवाखाना जवळ असणार. तुम्ही जाऊ नका असं म्हणायचा हक्क मी डिसेंबरातच घालवला, म्हणून ते म्हणत नाही. पण एक गोष्ट ठाऊक नसताना तुम्ही गेलात, तर ते मला उरलेला जन्म सोसणार नाही.

ट्रॅक्टर मी तुमच्या छातीसाठी दुरुस्त केला नाही. बायका हसल्या म्हणून केला. माझ्या बहिणीने दोन ओळी लिहिल्या म्हणून केला. साठी उलटली तरी मी मठाच्या शाळेतली मुलगीच राहिले. कुणी पुरुष घरी आला तर त्याला काही सबळ कारण हवं, नाहीतर दार उघडायचं नाही. तुमच्याकडे बर्फाचं कारण होतं. ते मी स्वतःच्या हाताने काढून टाकलं. मला वाटलं, कारण गेलं तरी तुम्ही याल. तेवढं मात्र मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही मनातलं ओळखाल अशा भरवशावर बसले, आणि वर तुमच्या अंगणात मशीन घातलं.

तो उपकार फेडायचा प्रयत्न नव्हता, आदेलार. तुम्ही थकलात असंही सांगायचं नव्हतं. मी आनंदात होते, एवढंच. सगळा शरद ऋतू शेडमध्ये तुमच्याबरोबर काढला होता, आणि तो आनंद कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून तुमच्या दारात जाऊन ओतला. चुकीच्या रीतीने ओतला.

तुम्हालाही एक विचारायचं आहे. माझा हेतू ठाऊक नसताना तुम्ही रोज संध्याकाळी येत होतात. तुमचं माझ्याकडे येणं ज्याने बंद होणार होतं, ते यंत्र एवढं मन लावून कशाला दुरुस्त केलंत? एखादा नट ढिला ठेवला असतात तरी चाललं असतं. उत्तर मला बहुतेक माहीत आहे. म्हणूनच रात्री झोप येत नाही.

पोस्टात आता कुणी काही बोलत नाही. शांत आहे सगळं. त्या शांततेसाठी मी काय काय दिलं ते आन-मारीला कधी कळायचं नाही.

सोमवारपासून वादळ चाललं आहे आणि मी ट्रॅक्टर काढलेला नाही. शेजारी विचारतात, बिघडला का? मी हो म्हणते. बिघडलेला नाही. तुमच्या हातचं काम, तो कसा बिघडेल? केबिनमध्ये बसावंसं वाटत नाही, इतकंच.

हे पत्र टपालात टाकलं तर तुम्ही गेल्यावर पोचेल. म्हणून मीच घेऊन निघते आहे. पायी. पुतण्या तुमच्याकडे फिरकलेला दिसत नाही, फाटकापासून पायरीपर्यंत कंबरभर बर्फ साचला आहे, आणि माझं वय तुम्हाला ठाऊक आहे. मध्येच अडकलेली दिसले तर पत्राची वाट न बघता फावडं घेऊन बाहेर या. पडद्याआडून अख्खी आळी बघत असेल.

बघू दे.

तुमची,
कोरिन