होशियारपूरची माहिती आणि बेबेची फुलकारी

खैरोवाल, जि. होशियारपूर
१२ मार्च १९९८

चिरंजीव रछपाल,

सत श्री अकाल आणि थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. आम्ही सुखरूप आहोत. बेबेचे गुडघे धरलेत, पण आपल्या आईची जीभ तुला ठाऊकच आहे, ती शाबूत आहे. मोहरी कापणीला आली.

तुझं पत्र पोचलं. तिकडे कॅनडात, ब्रॅम्प्टनच्या होशियारपूर जिल्हा मंडळाचा तू सेक्रेटरी झालास. वैशाखीला ‘आपला जिल्हा आणि त्याची माणसं’ यावर बोलायचंय म्हणून माहिती हवी, आणि स्टेजवर लावायला बेबेची ती रेशमी भरतकामाची लाल ओढणी, फुलकारी. फुलकारीचं शेवटी लिहिते. आधी जिल्हा घे.

पूर्वेला डोंगर, पश्चिमेला सपाट रान, मधून वाळूचे रुंद ओढे, आपले चो. वर्षभर कोरडे, आणि श्रावणात डोंगरावर पाऊस झाला की म्हैस वाहून नेतात. आपलं खालचं शेत गेल्या साली त्यातच गेलं, तुला कळवलं होतं, तू विचारलं नाहीस. आंब्याच्या बागा निम्म्या तुटल्या. शिसवीवर नक्षी जडवणारे सुतार मात्र अजून आहेत. हे नीट वाच, पुढे लागेल.

आता माणसं. अर्धी घरं कुलपात. उघड्या घरांत म्हातारे आणि सुना. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला विमानाचा आकार द्यायची टूम आहे, आपल्याकडेही तुझ्या हुकमानं ते बसलंच. त्या विमानाखाली तुझ्या बायकोनं, किरतनं, नऊ वर्षं काढली. बेबेचं न्हाणंधुणं, गुरांचं शेण, आणि तुझ्या प्रत्येक पत्रात तेच, यंदा तिचे तिकडे यायचे कागद होतील.

दोन दिवाळ्यांपूर्वी धालीवालांची सून तिकडून आली. तिनं तिथल्या कुठल्याशा लग्नाची कॅसेट आमच्या टीव्हीवर लावली. अंगण भरून बायका. पडद्यावर तुझ्या खांद्यावर एक पोर, आणि बाजूची बाई त्याला म्हणते, “डॅडीची पगडी ओढू नकोस.” किरत चहा घेऊन आली होती. तिनं सगळ्यांना चहा दिला, कप गोळा केले, मग मला म्हणाली, “बहेनजी, पोराचं नाक यांच्यावर गेलंय.” तुझी मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, रछपाल.

मीच तिला वकिलाकडे नेलं. नोटिसा तुझ्याच पत्त्यावर आल्या. तू गप्प बसलास. वाटलं असेल, बायका काय करणार? सोडचिठ्ठी मिळाली.

मंगूवालचा अमरीक सुतार, बायको वारलेली, शांत माणूस. त्यानं विचारलं, किरत हो म्हणाली. मग गावचा मुखिया, लंबरदार, काठी आपटत दारात. “जाटांची सून सुताराच्या घरी? गावाचं नाक कापताय!”

बेबे खाटेवरून म्हणाली, “नाक माझ्या लेकानं कधीच कापून नेलंय. तुला हवं असेल तर त्याच्याकडून मागवून घे.”

गेल्या रविवारी गुरुद्वाऱ्यात लग्न झालं. नवरीवर फुलकारी धरायची, चार कोपरे भावांनी. किरतला भाऊ नाही, आणि गावातला एकही बाप्या पुढे आला नाही. एक कोपरा मी धरला. एक धालीवालांच्या सुनेनं, एक तिच्या सासूनं. चौथा बेबेनं, त्याच गुडघ्यांवर, आपल्या घरापासून गुरुद्वाऱ्यापर्यंत. वाटेत मी म्हटलं, बस जरा. तर म्हणाली, “माझी लेक चाललीय, मी बसू?”

तीच लाल फुलकारी. किरतबरोबर मंगूवालला गेली, तेव्हा तुझ्या स्टेजला दुसरं काहीतरी बघ. माहिती मात्र पुरी दिलीय. वैशाखीला उभा राहून हे सगळं वाचून दाखव, ‘त्याची माणसं’ म्हणून.

बेबेनं तुला काही सांगितलेलं नाही. मी दोनदा विचारलं.

तुझी थोरली बहीण,
आणि गेल्या रविवारपासून किरतचा भाऊ,
बलजोत कौर