चौसष्ट कड्यांची ओळ

१८ जानेवारी १९९१
प्राचार्यांचं शेवटचं उत्तर — "अठ्ठावीस फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला चालू करून दाखवा, मॅडम. नाहीतर दुसऱ्या दिवशी रतिलाल भंगारवाला गाडी आणतोय."
कपाटाएवढा जुना संगणक. पुण्याच्या एका संस्थेनं कॉलेजला देऊन टाकलेला. माहितीपुस्तक नाही, नकाशा नाही, वीजपुरवठ्याचं कार्डही गायब! आमचा शिपाई धनसिंग म्हणतो, "याच्यात वर्षाचा गहू मावला असता."
मी हे विज्ञानासाठी करतेय, की सगळे नको म्हणाले म्हणून? खरंच सांगता येत नाही.

२ फेब्रुवारी
कार्ड नव्यानं बांधलं. दिवे लागले! पण आत घातलेला आकडा राहत नाही. स्मृती बिघडलेली.

५ फेब्रुवारी
दोष सापडला. याची स्मृती म्हणजे एक जाळी — मोहरीहून बारीक चुंबकी कड्या, त्यांतून केसासारख्या तारा ओवलेल्या. एका ओळीची तार तुटलीय. चौसष्ट कड्या.

९ फेब्रुवारी
जुन्या हेडफोनमधून तार काढली. तीन दिवसांत सात कड्या ओवल्या. आज त्याही निसटल्या. भिंगाशिवाय जमणार नाही.

११ फेब्रुवारी
भिंग आणायला सराफ बाजारात गेले. तिथं ओट्यावर, दागिने दोऱ्यात ओवून देणाऱ्या मंजुळाबाई पटवेकरीण पोत ओवत बसलेल्या. दोरा पायाच्या अंगठ्यात अडकवलेला, नजर रस्त्यावर, बोटं मण्यांवर. भिंग विसरून उभीच राहिले! मग भिंग घेतलं आणि त्यांनाच कॉलेजात या म्हटलं.

१३ फेब्रुवारी
मंजुळाबाई प्रयोगशाळेत आल्या. मी त्यांना तीनदा हात धुवायला लावले. स्वतः एकदाही धुतले नव्हते. याची लाज आत्ता, लिहिताना वाटतेय.
ओळ कशी ओवायची त्याची मी काढलेली आकृती दिली. त्यांनी भिंगातून शेजारच्या ओळी पाहिल्या आणि कागद बाजूला सारला.
"ताई, तुमनं चित्र चुकेल शे."
ग्रंथालयातल्या पुस्तकावरून काढलंय, म्हटलं.
"मग पुस्तकालेच ओवू द्या! इथं एक कडी इकडे कलते, दुसरी तिकडे. तुम्ही बठ्ठ्या साऱ्या एकाच कुशीवर निजवल्या."
खरंच होतं ते. वीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतेय, आणि शेजारची ओळ बघायचं सुचलं नाही.

१७ फेब्रुवारी
चौसष्ट! मंजुळाबाईंनी ओवल्या — तारेच्या टोकाला मेण लावून, चार दुपारी. एकही कडी फुटली नाही.

२८ फेब्रुवारी
जिंकलो!!
प्राचार्य, सगळा विभाग, रतिलालसुद्धा हजर. बटणांनी आकडा आत घातला, दिवे लागले — आणि वीज गेली. कुणीतरी फिस्सकन हसलं. रतिलाल म्हणाला, "मग गाडी बोलावू?" प्राचार्य उठलेच होते. मी म्हटलं, "बसा सर. खरी परीक्षा आत्ताच आहे."
वीस मिनिटं गेली. वीज आली, कळ दाबली. तेच दिवे, तोच आकडा! चुंबकी कड्यांनी तो विजेशिवाय धरून ठेवला होता!
रतिलाल कपाळाला हात लावून — "मला काल काय जेवलो ते आठवत नाही, मॅडम!"
संगणक राहणार. प्राचार्यांनी तिथंच माझा सत्कार केला. मंजुळाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांचं नाव घेणार होते. टाळ्या वाजत राहिल्या, मला बरं वाटत राहिलं. मग पाहिलं तर दार रिकामं.

११ मार्च
धुळ्याच्या एका कॉलेजचं पत्र. त्यांच्याकडेही असाच एक बंद पडलाय, वेगळ्या बनावटीचा. 'दुरुस्ती करणाऱ्या तज्ज्ञांस पाठवावे.'
उत्तर लिहिलं — तज्ज्ञ मंजुळाबाई पटवेकरीण येतील. मदतनीस म्हणून मी. टाकण्याआधी ओट्यावर जाऊन त्यांना वाचून दाखवलं.
"त्या दिवशी तोंड कुठं गेलतं?"
मी पत्रातल्या त्यांच्या नावावर बोट ठेवलं.
त्यांनी पोतीला गाठ मारली. दोरा दातानं तोडला.
"येते. भिंग तुम्ही धरा."