खुंटी नसलेल्या दोन खोल्या

लिहून ठेवते की, मी गंगम्मा भ्रतार लिंगैक्य वीरण्णा हुडगे, वय अडुसष्ट, राहणार उदगीर. या एकाच घरात बसून मी तीन जिल्हे पाहिले: आधी बिदर, मग उस्मानाबाद आणि आता पाच वर्षांपासून लातूर. डोके ठिकाणावर आहे, कान जरा कमी आहेत. कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही; मला दडपणारा अजून जन्मायचा आहे. हे वाक्य वकीलसाहेब खोडा म्हणाले होते. मी राहू दिले.

कलम १. हे घर माझ्या वडिलांनी माझ्या नावे केलेले. पुढच्या दोन खोल्यांत महिला मंडळाचे व्यसनमुक्ती केंद्र चालते, त्या दोन्ही खोल्या मी केंद्राला कायमच्या देते. गेल्या साली सरकारचे अनुदान पहिल्यांदा आले, त्यातून डॉक्टर येऊ लागले, खाटा आल्या. पुढच्या अनुदानाला जागा केंद्राच्या नावे असल्याचा कागद लागतो. आजवर माझा तोंडी शब्द चालला. मी गेल्यावर तोंड कुठून आणणार?

कलम २. अट एकच. या खोल्यांत खुंटी ठोकू नये. पाहणीला आलेल्या साहेबांनी अहवालात ‘कपडे अडकवण्याची सोय नाही’ अशी त्रुटी लिहिली. मी म्हटले, “साहेब, दुसरं काहीबी मागा.” ते हसले. कारण तेव्हा सांगितले नाही, ते इथे लिहिते.

आम्हा लिंगायतांत गळ्यातले लिंग मरेपर्यंत अंगावरून उतरवायचे नसते. माझे यजमान मात्र प्यायला निघाले की ते काढून खुंटीला अडकवत. म्हणत, “गंगम्मा, ह्याला सांभाळ. देवाला तिथं न्यायचं न्हाई.” मला वाटे, केवढा हा भक्तिभाव! मी ते लिंग धुई, विभूती लावी, बेल वाही आणि परत अडकवी. एकोणीस वर्षे. देवाची काळजी मी घेत होते, म्हणून ते निर्धास्त पीत होते. गुत्त्याच्या पायरीवर गेले. मातीत बसवताना त्यांच्या तळहातावर लिंग मीच ठेवले. बोटे काही मिटली नाहीत. लोक दारूला दोष देतात. निम्मा माझा आहे.

केंद्रात बायका रडत येतात. मी सांगते, त्याला जेवू घाल, त्याचे कपडे धू, पण त्याची पूजा तू करू नको. इथे येणारा सदरा काढला तर घडी करून उशीखाली ठेवतो. इथेच दारू सोडलेले शेषेराव गुट्टे आमच्यातले नाहीत, पण तेही तसेच ठेवत. आज पाच वर्षे कोरडे आहेत आणि पाण्याचा टँकर चालवतात.

कलम ३. मागची बाजू, माजघर आणि परसासह, माझा मुलगा शरणप्पा यास. वकीलसाहेब म्हणाले, ‘दारू सोडल्यास’ असे घालू. मी नको म्हटले. घरासाठी सोडील तो घर मिळाल्यावर पुन्हा धरील. मुलगा आहे, पितो म्हणून कमी मुलगा होत नाही.

माजघरात मात्र एक खुंटी राहून गेली. पौषापासून शरणप्पाचे लिंग तिच्यावर आहे. धूळ बसली आहे, मी हात लावलेला नाही. एकदा म्हणाला, “अव्वा, तेवढं धुऊन तरी ठेव की.” मी म्हटले, “तुलाबी हात हायत.” तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. पुढच्या खोल्यांत येत नाही. आईच्याच केंद्रात आईचाच पोरगा, लोक हसतील म्हणतो. हसू देत. माझा जीव त्याच्यातच अडकला आहे.

कलम ४. माझ्यामागे ते लिंग कोणीही खुंटीवरून काढू नये. तोच काढील. सध्या टँकर चौथ्या दिवशी येतो. माझ्या वाट्याची एक कळशी मी त्याच्या आंघोळीसाठी आणि पूजेसाठी मोरीपाशी झाकून ठेवते. मी गेल्यावर केंद्र चालवणाऱ्या सिंधु बिरादार यांनी ती भरावी. तो वापरो न वापरो.

कलम ५. तांब्याचा बंब नणंद नागुबाई यांस. बंब मागायला त्या तीस वेळा आल्या, भावाला समजवायला एकदाही नाही. तरी द्यावा. थंडीत त्यांचे गुडघे फार दुखतात.

कलम ६. मला मातीत बसवताना शरणप्पा शुद्धीवर नसला तर त्याला ओढून आणू नये. मागाहून येईल तेव्हा जागा दाखवावी आणि कोणी रागावू नये.

सहीपूर्वी जोडलेला मजकूर. आज टँकर आला. सिंधु कळशी भरायला माजघरात गेली आणि तशीच परत आली. म्हणाली, “मावशी, कळशी रिकामी हाय. मोरी ओली हाय.” मी भिंत धरत गेले. खुंटीही रिकामी होती. शरणप्पा कुठे गेला ते माहीत नाही, पण गळ्यात घालून गेला. ती खुंटी मी माझ्या हाताने उपटली.

शेषेराव म्हणाले, “अव्वा, एका दिसानं काय होत न्हाई. मी आठदा सोडली व्हती.”

मला ठाऊक आहे. खुंटीच राहिली नाही, म्हणून कलम चारमधले खुंटीचे वाक्य रद्द समजावे. कळशीचे कायम. ती आता भरून, झाकून ठेवली आहे.

हे सगळे मला मोठ्याने वाचून दाखवले, ऐकू आले, बरोबर आहे.

स्थळ: उदगीर, जिल्हा लातूर
दिनांक: १८ मे १९८७

सही: गंगम्मा वीरण्णा हुडगे

साक्षीदार:
१. शेषेराव माणिकराव गुट्टे
२. सिंधु हणमंतराव बिरादार