पाठीमागचं बक्कल

अहो,

मी मजेत आहे. अक्षर वाकडं आलंय, कारण फ्रिजच्या दाराला कागद टेकवून उभ्यानं लिहितेय.

बाळाला छातीशी बांधायच्या झोळीला मी मुलाकडे आल्या आल्या नावं ठेवली होती. "मूल आहे की दप्तर?" तर सूनबाई गोड हसून म्हणाली, "आई, तुम्हाला नाही जमणार." मला! असं तर कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरसुद्धा कधी म्हणाल्या नव्हत्या.

आज दोघं बाहेर पडताच मी ती बांधली. नातू लगेच झोपला. पण बक्कल पाठीमागे, तिथे माझा हात पोचत नाही, आणि मी बसले की साहेब डोळे उघडतात. गुडघ्यांबद्दल विचारू नका. तुम्ही गोळ्या वेळेवर घेताय ना?

सूनबाई आता येईलच. तिला सांगणार आहे, मलाच त्याला खाली ठेवावंसं वाटलं नाही. तसं ते खोटंही नाही.

तुमची, अजून उभीच,
मी