शनिवारच्या बैठकीतली ती

आई,

तू गेल्यावर तरी ती आपल्या दोघींच्या मधून बाजूला होईल असं मला वाटलं होतं. झाली नाही. चार महिन्यांपूर्वी तुझ्या नातवाची तक्रार घेऊन मला तिच्यासमोरच बसावं लागलं. पोलीस ठाण्यातली तुझी ती शनिवारची बैठक आता ती चालवते. तू चालवायचीस तेव्हा मी एकदाही आत आले नव्हते, आणि आले ती अशी.

तिची आई पहिल्यांदा आपल्या दारात आली ती दुपार मला नीट आठवते. मी बारावीला होते. तू नुकतीच शाळेतून आली होतीस, साडीसुद्धा बदलली नव्हती. "बाई, मेरे बच्चे को ले गये, बोलते नहीं किधर," एवढंच ती बाई पुन्हा पुन्हा म्हणत होती. मागे तिची मुलगी उभी, दोन वर्षांपूर्वीची तुझी विद्यार्थिनी. भावाला मोबाइलच्या चोरीच्या संशयावरून उचललं होतं. तू कुकरखालचा गॅस बंद केलास, मला म्हणालीस, "भात झाला की जेवून घे," आणि चप्पल घालून त्या दोघींबरोबर निघालीस. दिवे लागल्यावर परत आलात तेव्हा त्या पोराला पाय टेकवत नव्हता. चार दिवसांनी तो मोबाइल मालकाच्या दुकानातच सापडला. त्या घराची माफी मागायला कोणी आलं नाही.

मग तुझ्या खेपा सुरू झाल्या. "तक्रार पोलिसांची आणि ऐकणारेही पोलीसच, असं कसं चालेल, साहेब?" हे तू तिथे म्हणालीस आणि रात्री जेवताना आम्हाला पुन्हा म्हणून दाखवलंस. बाबा हसले. ठाण्यातले साहेबही आधी हसलेच असतील. पण बदलून आलेल्या पुढच्या साहेबांनी तुझं ऐकलं. महिन्यातून एक शनिवार, ठाण्याच्या हॉलमध्ये, गल्लीतले लोक समोर बसवून पोलिसांविरुद्धची तक्रार ऐकायची. कुणाला उचललं तर घरी लगेच कळवायचं. जुन्या नाशकात तेवढ्यानेही लोकांना हायसं वाटलं. सगळे तुला मानायला लागले. आणि तिला तर तू सोबतच घेऊन फिरायला लागलीस.

माझी परीक्षा जवळ आली होती, आणि आपल्या जेवणाच्या टेबलावर तू तिला अर्ज कसा लिहायचा ते शिकवत असायचीस. "रागावलेलं वाक्य खोड. घडलं तेवढंच लिही." माझा निबंध कधी एवढा वेळ वाचला नाहीस. एकदा मी म्हटलंच, "तिलाच ठेवून घे ना घरात." तू मेथी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तुझ्या घरी पोलीस आला तर मी आहे. तिच्या घरी कोण आहे?" ते खरं होतं आणि त्याचाच राग जास्त आला. बरोबर बोलणाऱ्या माणसावर रुसून तरी किती दिवस बसणार?

आणि ती स्कूटी. गोल्फ क्लबच्या मैदानावर मी ती शिकत होते, तू मागे धावायचीस, पदर खोचून. लग्न होऊन मी गंगापूर रोडला गेले आणि पहिल्या दिवाळीला आले तर जिन्याखाली गाडी नाही. "तिला दिली," म्हणालीस. "तुला नवरा नेतोय गाडीवर. तिला चौकीचौकीला जावं लागतं." मी फराळाचं ताट पुढे ओढलं आणि चकली चांगली झालीय म्हणाले. तू गेलीस त्या दिवशी ती माझ्याहून मोठ्याने रडली. येणारे लोक आधी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते.

आता ऐक, काय झालं ते. पोरगा संध्याकाळी क्लासहून येत होता. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खोदून ठेवलेत, त्यात नाकाबंदी. एक हवालदार एका रिक्षावाल्याला थोबाडीत मारत होता. ह्याने मोबाइल काढला. हवालदाराने मोबाइल हिसकावला, ह्याच्या कानाखाली वाजवली आणि चौकीत नेऊन बसवलं. आम्ही सोडवून आणला तेव्हा त्याला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पडदा वाचलाय, येईल हळूहळू. ह्यांचं एकच, "विषय वाढवू नका. उद्या पासपोर्टला ह्याच पोलिसांची सही लागेल." पोरगा म्हणाला, "मी मावशीला फोन केलाय." कुठली मावशी, मी विचारलं. तर हीच. मला माहीतही नव्हतं की तो तिला मावशी म्हणतो.

बैठकीला मी तुझी राखाडी शाल घेऊन गेले. लोकांनी ओळखावं असं वाटत होतं, उगाच कशाला खोटं बोलू. ती समोर बसलेली. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, तिथून थेट आलेली, गळ्यात ओळखपत्र तसंच. "या ताई. तक्रारदार इकडे बसतात," म्हणाली. बस्स, एवढंच. साहेबांना मात्र कुणीतरी सांगितलं होतं. ते खुर्ची सरकवून म्हणाले, "तुम्ही बाईंच्या कन्या? अहो, आधी फोन करायचा ना. चहा घ्या, आपण आपसात मिटवून टाकू."

खरं सांगते, मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी तुझ्या नावाचं काहीतरी माझ्या वाट्याला आलं होतं.

ती म्हणाली, "साहेब, त्या कुणाच्या कोण ते राहू द्या. मुलाला काय झालं ते ऐकू या."

माझे कान तापले. तुझं नाव माझ्याकडून काढून घेणारी ही कोण? पण तेवढ्यात पोरगा बोलायला लागला, आणि तो न घाबरता, न रागावता, घडलं तेवढंच बोलला. हवालदार भिंतीशी उभा होता, पन्नाशीचा, डोळे तांबारलेले. "मॅडम, सकाळपासून उन्हात उभा होतो. डोकं फिरलं. हात उचलला, नाही म्हणत नाही." साहेबांनी लिहून घेतलं, मोबाइल परत दिला, चौकशी होईपर्यंत त्याला रस्त्यावरच्या ड्युटीवरून काढतो म्हणाले आणि तक्रार वरच्या पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे पाठवायचं कबूल केलं. मी पर्स उचलली. माझं काम झालं होतं.

"आणि तो रिक्षावाला?" तिने विचारलं. "त्याची तक्रार कोण देणार?"

मी पर्स पुन्हा खाली ठेवली. आई, मला तो माणूस आठवलासुद्धा नव्हता. सगळी भांडणं मी घरी केली, डॉक्टर केले, ह्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला, आणि ज्याच्यामुळे हे सगळं झालं त्याच्याबद्दल पोराला एक शब्द विचारला नाही. तू असतीस तर पहिलं तेच विचारलं असतंस. ते तिने विचारलं, मी नाही. तेव्हा मला जो तिचा हेवा वाटला, तसा स्कूटीच्या वेळीही वाटला नव्हता.

पोरगा लगेच उठला. "मी ओळखेन त्याला. द्वारका चौकातल्या रिक्षा स्टँडवर असेल." दोघं त्याच्या बाइकवर गेले. मी रिक्षाने एकटी घरी आले. तो मार खाल्लेला रिक्षावाला आधी नको म्हणाला, धंदा इथेच करायचाय म्हणाला. ते दोघं तीनदा गेले तेव्हा कुठे तो तयार झाला. चौकशी चालू आहे. हवालदाराचं काय होईल ते अजून ठरलेलं नाही, पण रिक्षावाल्याचा जबाब कागदावर आलाय आणि चौकीतला बंद पडलेला कॅमेरा सुरू झालाय.

आता पोरगा दर बैठकीला जातो. घरी येऊन जेवताना मला तुझ्या गोष्टी सांगतो. तुझ्या, आणि मला! परवा म्हणाला, "आजी पहिल्यांदा ठाण्यातून बाहेर पडली ना, तेव्हा पायरीवर बसून रडली होती. मावशीने सांगितलं." मी भाजी वाढत होते. मी तुला रडताना कधी पाहिलं नाही. बाबा गेले तेव्हाही तू आत जाऊन दार लावून घेतलं होतंस. तुझं रडणं तू तिच्यासमोर रडलीस. एवढं तरी माझ्यासाठी ठेवायचं होतंस.

हे तुला कधी पोचणार नाही, म्हणूनच एवढं लिहवलं. समोर असतीस तर मी पुन्हा चकलीचंच कौतुक केलं असतं.

काल तिचा फोन आला. बैठकीच्या समितीत एक जण कमी झालाय, तुम्ही याल का ताई, म्हणाली. मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार करण्यासारखं काही नव्हतं. तिने मला अजून एकदा विचारावं, एवढंच मला हवं होतं.