प्रत्येक वाक्य दोनदा

३ नोव्हेंबर

नसीम आज तळेगावला कौसरकडे गेली. शुगरमुळे डोळ्यांचे पडदे खराब झालेत, इंजेक्शनं घ्यायची आहेत. लेकीच्या घरापासून दवाखाना जवळ. आठ दिवसांत परत. बॅग मात्र मोठी. नमाजाची जानमाज, शाल, वर दोन सुती ओढण्या. नोव्हेंबरात सुती ओढण्या कशाला, विचारलं. म्हणाली, असू द्या. बायकांचं पॅकिंग.

लोणावळा स्टेशनवर काहीतरी सांगायला लागली होती. मी म्हणालो, गोळ्या घेतल्यास ना? म्हणाली, घेतल्या. मग गाडी आली.

घरात शांतता. बरंच झालं. गळ्याला आराम. लोणावळ्यापासून आंदर मावळापर्यंत रिक्षावर भोंगा लावून अनाउन्समेंट करावी ती इब्राहिमनेच, हे कोणीही सांगेल. गादी सेल, पाणी बंद, कुस्त्या, कोणाची म्हैस हरवली, आवाज आपलाच.

संकल्प: आठ दिवस मौन.

संध्याकाळी: मौन उद्यापासून. दूधवाला आला होता.

५ नोव्हेंबर

कौसरचा फोन. अम्मी मजेत आहे म्हणाली, दिवसभर मोबाइलवर एका ॲपवर ऑडिओबुक ऐकत बसते. कोकणातल्या एका खाडीवर होडी चालवणाऱ्या बाईची कादंबरी. विचारलं, वाचतो कोण? म्हणाली, कोणीतरी आहे अब्बा, नाव नाही माहीत, पण काय वाचतो!

हे ‘पण काय वाचतो’ मला आवडलं नाही.

ज्याचा आवाज ऐकून मावळातली कुत्रीसुद्धा रस्त्यातून उठतात, त्याच्या बायकोने परक्या माणसाचा आवाज कानात घालून बसायचं? ती कादंबरी तर घरातच आहे. डोळे चांगले होते तेव्हा नसीमनेच आणलेली. निम्म्यावर एसटीचं तिकीट खूण म्हणून तसंच आहे.

संकल्प: तीच कादंबरी मी रेकॉर्ड करून पाठवणार. रोज एक चॅप्टर. घरचं ते घरचं.

६ नोव्हेंबर

वाचनाचा अनुभव नाही असं नाही. गेल्या महिन्यातच नसीमला तीन संध्याकाळी वाचून दाखवलं होतं. माझी पद्धत शास्त्रशुद्ध आहे. प्रत्येक वाक्य दोनदा. रिक्षा चालू असते, पहिल्यांदा म्हटलेलं या घरासमोर पडतं, दुसऱ्यांदा म्हटलेलं पुढच्या. आणि मधे थांबायचं नाही. थांबलं की लोकांना वाटतं भोंगा बंद पडला.

तिसऱ्या संध्याकाळी नसीम म्हणाली होती, अहो, एकदाच सांगा, मी इथंच बसलेय, पुढच्या वाडीत नाही.

हसलो होतो खूप. तिची विनोदबुद्धी माझ्या सहवासाने वाढली आहे.

९ नोव्हेंबर

स्टुडिओ मिळाला. प्रदीपशेठ गादीवाल्यांचं गोडाऊन. दोन्हीकडे गाद्यांच्या थप्प्या, मधे मी. आवाज जराही घुमत नाही.

सुरुवातीला सवयीने ‘बंधू-भगिनींनो’ निघून गेलं. काढलं नाही, त्याने जवळीक वाटते.

त्या ॲपवाल्याला पहिल्या चॅप्टरला पाऊण तास लागतो म्हणे. मी प्रत्येक वाक्य दोनदा वाचून वीस मिनिटांत संपवला. यावरून काय ते समजावं.

काही सुधारणाही केल्या. पहिली चार पानं ती बाई नुसती फणस सोलते. मी एका वाक्यात सोलून टाकला.

१० नोव्हेंबर

व्हॉट्सॲपवरच्या माझ्या रेकॉर्डिंगचा माइक निळा झाला! म्हणजे नसीमने ऐकलं. पूर्ण ऐकलं की नाही ते कळत नाही, पण अर्धवट कोण सोडेल?

१४ नोव्हेंबर

पाच चॅप्टर गेले. पाचही माइक निळे. ॲपवाल्याचा विषय संपल्यात जमा.

आठ दिवस होऊन गेले. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय म्हणे. साहजिक आहे, डोळ्यांचं काम.

नसीमशी फोनवर बोललो. म्हणाली, अहो ऐका ना, मी काय म्हणत होते... तेवढ्यात मला सहाव्या चॅप्टरमधली एक सुधारणा आठवली, ती सांगितली. मग तिला काय म्हणायचं होतं ते राहिलं. महत्त्वाचं असतं तर पुन्हा म्हणाली असती.

२२ नोव्हेंबर

शत्रूचा अभ्यास करावा म्हणून ते ॲप घेतलं. एक महिना फुकट.

ऐकलं. काही नाही हो. माणूस ओरडत नाही, रडत नाही, बाईचा आवाज बाईसारखा काढत नाही. मधेच थांबतो. चहा पीत असावा.

२३ नोव्हेंबर

काल तो जिथे थांबला होता तिथे पुढे काय झालं म्हणून पुन्हा लावलं. फक्त अभ्यास.

२७ नोव्हेंबर

आज आंदर मावळात गादी सेल. रिक्षा चालवायला नेहमीप्रमाणे शिदू. एका वाडीच्या अलीकडे चढण मोठी, म्हटलं तेवढ्यात थोडा अभ्यास करू. मोबाइल कानाला लावला. आवाजच येईना. वाढवला. तरी येईना. शिदू मागे वळून म्हणाला, भाऊ, ही कुटली बाई खाडीत पडली?

मोबाइल ब्लूटूथने भोंग्याला जोडलेला होता. अख्ख्या वाडीला सातवा चॅप्टर ऐकू जात होता.

खळ्यावर भात झोडणाऱ्या बाया थांबल्या होत्या. एकजण पेंढी हातात तशीच धरून उभी. बंद करायला गेलो तर बायडाबाई नावाच्या म्हातारीने रिक्षाच्या पुढेच बैठक मारली. म्हणाली, ए भाऊ, बंद नको करू. त्या पोरीला काढली का न्हाई वर?

म्हटलं मावशी, गादी सेल आहे, डबल बेडवर उशी फ्री.

म्हणाली, तुजी गादी घाल चुलीत. पोरीचं सांग.

प्रसंग ओळखून मी मोबाइल बंद केला आणि पुढची गोष्ट स्वतः माइकवर सांगायला घेतली. तडाखेबंद. प्रत्येक वाक्य दोनदा. बाया हळूहळू पुन्हा भात झोडायला लागल्या. बायडाबाई उठता उठता म्हणाली, लय वरडतो बाबा ह्यो. मगाचचा कुटं गेला?

येताना शिदू म्हणाला, भाऊ, खरं सांगू का, मगाचचाच बरा व्हता. त्यो सांगत व्हता, तुमी इकत व्हता.

शिदूला साहित्यातलं कळत नाही. शिवाय भोंगा माझा, ॲम्प्लिफायर माझा. श्रेय कोणाचं ते उघड आहे.

३० नोव्हेंबर

आज खालच्या आळीत पाणी बंद असल्याची अनाउन्समेंट राहिली. रिक्षात बसलो होतो, अकरावा चॅप्टर चालू होता, होडीवालीचा नवरा बोटीवरून परत आलेला आणि तो तिला काय काय सांगत सुटलेला, आणि ती ऐकतेय, नुसती ऐकतेय, आणि वाचणारा ‘ऐकतेय’ म्हणून थांबला, तो थांबला तसा मीही थांबलो, मग बाराच वाजले.

आळीत कोणी पाणी भरलं नाही. रतनबाई कळशी घेऊन घरापर्यंत आल्या. म्हणाल्या, इब्राहिमभाई, एवढं गाव डोक्यावर घेता, आज पाण्याचं सांगायच्या वेळी मुके झालात होय!

दोष ॲपचा आहे. अशा वस्तूंवर सूचना छापली पाहिजे.

४ डिसेंबर

सगळं लक्षात आलं. त्याची युक्ती एकच: तो थांबतो. बाकी आवाज सामान्य. थांबायला काय लागतं? तोंड मिटायचं. हे तर कोणीही करेल.

संकल्प: थांबणे शिकणे. आठवड्यात होईल.

५ डिसेंबर

औंढ्याला जाताना सराव केला. येत्या रविवारी... आणि थांबलो. शिदूने करकचून ब्रेक मारला. म्हणाला, भाऊ, काय व्हतंय? छातीत दुखतंय का? पानी देऊ?

थांबण्याला लोक सरावलेले नाहीत. समाज घडवावा लागेल.

१२ डिसेंबर

मोफत नेत्रतपासणी शिबिराची अनाउन्समेंट केली, दरवर्षीप्रमाणे. ‘डोळे आहेत तर जग आहे’ हे वाक्य माझंच, आयोजकांना फार आवडतं. शुगर असलेल्यांनी वेळीच पडदा दाखवून घ्यावा, दाखवून घ्यावा.

नसीमला दरवर्षी न्यायचं ठरायचं. पण त्या दिवशी अनाउन्समेंटला मी, मग नेणार कोण? यात कोणाचाच दोष नाही.

आज ते पडद्याचं वाक्य दुसऱ्यांदा म्हणताना मधेच थांबलो. सराव नव्हता. आपोआप.

१९ डिसेंबर

सराव चालू. घरात मोठ्याने वाचतो आणि थांबतो. थांबलं की फ्रिजचा आवाज येतो. मग शेजारच्यांचा कुकर. मग काहीच नाही. नसीम इथे दिवसभर हेच ऐकत असेल, असं वाटलं. पण मी असायचो तेव्हा नाही. मी असताना कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू यायची नाही.

२६ डिसेंबर

दुसरं इंजेक्शन झालं. डावा डोळा काही सुधारणार नाही म्हणाले, उजवा आहे तेवढा सांभाळायचा. कौसरने सांगितलं. नसीम फोनवर आली नाही, ऐकत बसली होती.

माझंच ऐकत असणार. शेवटच्या चॅप्टरच्या अलीकडचे सगळे पाठवून झालेत. सगळे माइक निळे.

४ जानेवारी

कौसर आली होती. डबा आणला, घर आवरलं. मी सहज म्हणालो, बाकी काही असो, अम्मी माझा एकही चॅप्टर सोडत नाही.

कौसर भांडी घासत होती. नळ बंद केला. म्हणाली, अब्बा, ते मी लावते.

म्हटलं हो, तिला दिसत नाही, लावून द्यावंच लागणार.

म्हणाली, तसं नाही. मी लावते आणि फोन तांदळाच्या डब्यात ठेवते. माइक निळा झाला की काढते. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. अम्मीने पहिला ऐकला होता. बंधू-भगिनींनोपर्यंत.

मग तिने नळ सोडला.

तांदळात आवाज चांगला राहत असेल. ओलावा नसतो.

५ जानेवारी

आज कामाला गेलो नाही. गळा बसला.

११ जानेवारी

विचार केला. चूक माध्यमाची आहे. व्हॉट्सॲपवर भाव पोहोचत नाहीत. समोर बसून वाचायला हवं. शेवटचा चॅप्टर पाठवला नव्हता तेच चांगलं झालं. आता थांबताही येतं. नसीम ऐकेल, तिला फरक कळेल, संध्याकाळच्या लोकलने दोघं परत.

तयारी: खिडकीजवळ खुर्ची ठेवली, उजव्या डोळ्याला उजेड मिळेल अशी. तिचे मसाल्याचे डबे पुसले. एकात हळद होती, एकात ती उन्हाळ्यात गरम कपड्यांत ठेवते त्या डांबरगोळ्या. मसाल्याच्या डब्यात डांबरगोळ्या का, हे विचारायचं राहून गेलं होतं. आता विचारीन. आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबेन.

१८ जानेवारी, सकाळ

आज जातो. शेवटचा चॅप्टर शिदूला वाचून दाखवला. तो रिक्षा पुसत होता, पुसायचा थांबला. मग म्हणाला, भाऊ, वैनींना लवकर आना घरी.

परतीची तिकिटं आत्ताच काढतोय. दोन.

१८ जानेवारी

नसीम बाल्कनीत बसली होती. एका कानात इअरफोन. मी आलो तसा काढला. बारीक झालीय. म्हणाली, चहा घेतलात का? म्हटलं नंतर. पुस्तक काढलं.

वाचलं. बंधू-भगिनींनो नाही. एकही वाक्य दोनदा नाही. फणसासारखं काही गाळलं नाही. जावई कंपनीत गेलेला, घर शांत. कौसर ओल्या हाताने दारात येऊन उभी राहिली ती तशीच राहिली. इतकं चांगलं मी आयुष्यात काही केलेलं नाही.

शेवटून दुसऱ्या पानावर होडीवाली पलीकडच्या काठाला होडी बांधते आणि वळून अलीकडे बघते. इथे तो माणूस थांबतो. मीही थांबलो. पूर्ण.

त्या थांबण्यात नसीम बोलली.

म्हणाली, छान वाचलंत. मग म्हणाली, मधे थांबलात म्हणून सांगते, एरवी सांगायला जागाच मिळत नाही. मी स्टेशनवरच सांगणार होते. मला आता इथंच राहायचंय. राग नाही हो तुमच्यावर. डोळे तर चाललेच, आता कानच उरलेत. ते तरी मला माझ्या मर्जीने वापरू द्या.

मी म्हणालो, म्हणजे इंजेक्शनं संपेपर्यंत.

तिने इअरफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली.

मी म्हणालो, एक पान राहिलंय. म्हणाली, शेवट मला माहीत आहे.

खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं. होईना. मी म्हणालो, काय म्हणालीस मगाशी? नीट ऐकू नाही आलं.

मी परत येणार नाही, म्हणाली. मग जरा मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, मी भोंग्यावर म्हणतो तसं पुन्हा म्हणाली, मी परत येणार नाही.

एवढ्या संसारात नसीम कोणतीच गोष्ट दोनदा बोललेली नाही.

मला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.